बापदेवाने अडवलेलं यंत्र

गवत कापायला विळा लागतो आणि विळा धरायला माणूस लागतो, एवढं उमराळ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. गवत कापायला खुर्चीही लागते, हे दोन हजार तीन सालच्या सप्टेंबरात एका टेम्पोमुळे कळलं. टेम्पो चुरींच्या वाडीच्या फाटकाशी थांबला, मागची फळी धाडकन खाली पडली, आणि चार माणसांनी 'हळू, हळू' म्हणून ओरडत एक लालभडक यंत्र खाली उतरवलं. मागे दोन जाडजूड चाकं, पुढे ऑफिसच्या खुर्चीला असतात तशी कुठेही वळणारी दोन छोटी चाकं, पोटाखाली पात्यांचा पत्र्याचा डबा आणि वर गुबगुबीत काळी खुर्ची. नव्हतं ते फक्त स्टिअरिंग. त्याच्या जागी मांड्यांवर येतील असे दोन दांडे होते.

धोंडूबाई वीस वर्षं या वाडीतलं गवत विळ्याने कापत आली होती. तिने यंत्राला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "मालक, गवत कापायला खुर्ची कोनी आनली?"

"मी आणली," चंद्रहास चुरी म्हणाले. "हे जागच्या जागी गर्रकन वळतं. झाडाभोवतीसुद्धा एक काडी शिल्लक ठेवत नाही."

"मी तरी कुठं ठेवत व्हती?" धोंडूबाई म्हणाली आणि बाजूला जाऊन बसली. त्या दिवसापासून ती रोज येऊन बसायची. काम नव्हतं, पण करमणूक होती.

आता चंद्रहास चुरींबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. तीस वर्षं कचेरीत अव्वल कारकून. नोकरीत त्यांनी कुणाचा अर्ज कधी हरवला नाही आणि कुणाचा पहिल्या फेरीत मंजूरही केला नाही. साहेब खोलीत आले की खुर्चीवरून उठायचं, हे अंगात इतकं मुरलेलं की निवृत्त झाल्यावरही फोनवर जुन्या साहेबांचा आवाज आला तरी उठून बोलायचे. देवाच्या बाबतीतही तेच. एस.टी.तून जाताना निर्मळचं देऊळ दिसलं की वीतभर उठून, छातीला हात लावून, मग बसायचे. घरात मात्र उठणं म्हणून नाही. पाण्याचा तांब्या हातभरावर असला तरी "अगं, पाणी!" अशी हाक. वसुंधराबाईंनी पस्तीस वर्षं हा तांब्या हातभर सरकवला होता, आणि त्याबद्दल त्या मधूनमधून बोलूनही दाखवत.

पण तांब्यापेक्षा मोठं भांडण केळींचं होतं. या वाडीत राजेळी केळी होत्या. भाद्रपद-आश्विनात घड उतरायचे आणि वसुंधराबाई ओट्यावर चटया टाकून ती सोललेली केळी उन्हात वाळवून सुकेळी करायच्या. त्यांच्या हातच्या सुकेळ्यांना पार बोरिवलीपर्यंत मागणी. पण विहिरीचं पाणी मचूळ व्हायला लागलं, कामाला माणसं मिळेनात, आणि चंद्रहासरावांच्या डोक्यात लॉन शिरलं. लग्नाचं लॉन! विरारला, नालासोपाऱ्याला हॉलमध्ये माणसं घामाने भिजतात, इथे मोकळ्यावर हिरवळीत लग्न लागेल, असं त्यांचं म्हणणं. बाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या ते एवढंच.

"विहिरीजवळची एक रांग ठेवा. बाकी काय हवं ते करा. पण पहिलं लग्न इथे लागलं नाही ना, तर लॉन उखडायचं आणि राजेळीचे कोंब लावायचे. खड्डे तुम्ही खणायचे. स्वतः."

"कबूल," चंद्रहासराव खुर्चीतूनच म्हणाले.

पहिलं लग्न ठरलंही लगेच. शेजारच्या वाडीतले हरिभाऊ, शाळेत जन्मभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, त्यांची मुलगी हेमांगी. तुळशीचं लग्न झाल्यावर दहा दिवसांनी मुहूर्त. पावसाने हिरवळ गुडघाभर वाढवून ठेवली होती, आणि हायवेकडचा कुठलासा क्लब बंद पडून त्याचं सामान विकायला निघालं होतं. चंद्रहासरावांनी त्यातलं हे यंत्र उचललं. सोबत एक इंग्रजी पुस्तिका मिळाली. तिच्या शेवटी एक तक्ता होता: बिघाड, कारण, उपाय. तो तक्ता पाहून चंद्रहासरावांना भरून आलं. इतकं सुबक कोष्टक त्यांनी कचेरी सोडल्यापासून पाहिलं नव्हतं. त्यांनी ताबडतोब एक फाईल उघडली आणि तक्ता मराठीत उतरवून काढला.

पहिला बिघाड दसऱ्यालाच झाला. यंत्राला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. नवीन गाडी काढताना करतात तसं चारी चाकांपुढे लिंबं ठेवली. आता फक्त पुढे जायचं आणि लिंबं चिरडायची, यात अवघड ते काय? चंद्रहासरावांनी दोन्ही दांडे पुढे ढकलले. यंत्र हललं, उजवीकडची लिंबं चिरडली, आणि तोंड डावीकडे फिरवून थेट तुळशीवृंदावनाकडे निघालं. डावीकडची लिंबं जशीच्या तशी! पुन्हा मागे घेतलं, पुन्हा पुढे. पुन्हा तुळस. पाचव्यांदा हरिभाऊ म्हणाले, "चंद्रहास, जाऊ दे, मी पायाने चिरडतो." पण पायाने चिरडलेलं लिंबू चालतं का, यावर तिथल्या तिथे दोन तट पडले आणि आरती अर्धा तास लांबली.

फाईलमध्ये नोंद झाली: 'बिघाड क्र. १, एका बाजूस ओढते.' गावाने उपाय सुचवले. कुणी म्हणालं जमीन तिरकी आहे. हरिभाऊंनी पृथ्वीच्या परिवलनाचा संबंध लावला. शेवटी आलोशियसला बोलावलं. आलोशियस घोन्सालवीस म्हणजे रिक्षापासून होडीच्या इंजिनापर्यंत सगळं दुरुस्त करणारा गडी. त्याने डाव्या चाकावर एक लाथ मारली.

"चंद्रहासभाऊ, ह्यात हवा कमी हाय."

तक्त्यातही तेच लिहिलेलं निघालं, पण चंद्रहासरावांनी त्यापुढे 'तपासले, हवा दिसते' असं लिहून ठेवलं होतं. हवा दिसते कशी, हे आलोशियसने विचारलं नाही. भला माणूस.

दुसरा बिघाड, सुरू होत नाही. हा आलोशियसने दहा मिनिटांत सोडवला. पात्यांचा खटका खाली, दोन्ही दांडे बाहेरच्या बाजूला, ब्रेक ओढलेला, बूड खुर्चीत, आणि मग चावी. यातलं एक चुकलं तरी यंत्र ढिम्म. चंद्रहासरावांना हे मनापासून पटलं. सगळी कागदपत्रं जोडल्याशिवाय कुणाचं काही सुरू होता कामा नये, हेच ते तीस वर्षं सांगत आले होते.

तिसऱ्या बिघाडाने त्यांना खोल घाव घातला. क्लबातलं पेट्रोल टाकीत वर्षभर शिळं झालेलं, ते काढून नवं भरायचं होतं. पंपावरचा माणूस कॅनमध्ये पेट्रोल देईना. "गाडी आणा, नाहीतर चिठ्ठी आणा," म्हणाला. चिठ्ठीसाठी चंद्रहासरावांनी आपल्याच जुन्या कचेरीत तीन परिच्छेदांचा अर्ज दिला, संदर्भ क्रमांकासह. चार दिवसांनी अर्ज परत आला. वर शेरा होता: 'सदर यंत्र वाहन आहे की शेती अवजार याचा खुलासा नाही. त्रुटी पूर्ण करून फेर सादर करावा.' हा शेरा त्यांचाच होता! वाक्यरचनासुद्धा त्यांची. तीस वर्षांत हजार लोकांना त्यांनी तो दिला होता, पण आपल्याला मिळाल्यावर तो कुठे टोचतो ते त्यांना त्या दिवशी कळलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मग त्यांनी दुसरा मार्ग धरला. गाडी आणा म्हणता ना, आणतो! उरल्यासुरल्या पेट्रोलवर यंत्र थेट रस्त्याने पंपाकडे निघालं. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, मांड्यांवर दोन दांडे, मागे एस.टी., तिच्यामागे दोन टेम्पो आणि एक बैलगाडी. बैलगाडीवाला सारखा घाई करत होता. नाक्यावर हवालदाराने हात दाखवला.

"पासिंग?"

"हे वाहन नाही. गवत कापायचं यंत्र आहे."

हवालदाराने डांबरी रस्त्याकडे पाहिलं, मग दूरवर पाहिलं. "इथे गवत कुठाय?"

यंत्र वळवावं लागलं. जागच्या जागी ते इतकं सुरेख वळलं की एस.टी.तल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी आलोशियसने आपल्या मोटरसायकलच्या टाकीत पेट्रोल भरून आणलं आणि नळीने काढून दिलं. हा उपाय तक्त्यात नव्हता. चंद्रहासरावांनी तो फाईलमध्ये पेन्सिलीने लिहिला, म्हणजे गरज पडल्यास खोडता येईल.

चौथ्या बिघाडात ओलं गवत पात्यांच्या डब्यात लगद्यासारखं बसलं. पाचव्यात पट्टा सुटला. सहाव्यात हिरवळ जिन्यासारखी कापली गेली, कारण डबा एका बाजूला कललेला. हे सगळं होत होत दिवाळी गेली. पण निस्तरलं बरं का. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या सोमवारी यंत्र पहिल्यांदा फटफटत, तालात, सरळ रेषेत धावलं. मागे कापलेल्या गवताचा ताजा वास सुटला. चंद्रहासरावांची छाती फुलली. ओट्यावर वसुंधराबाई उरलेल्या रांगेतल्या केळ्यांची सुकेळी राखत बसल्या होत्या, हातात कावळे हाकलायची काठी. त्यांच्याकडे न बघता, पण त्या बघतायत याची खात्री करून घेत, चंद्रहासराव पुढे गेले.

वाडीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात उंडीच्या झाडाखाली बापदेव आहे. शेंदूर लावलेला गुडघाभर दगड, वाडीचा राखणदार. यंत्र त्याच्यासमोर आलं आणि फट्‌ करून बंद पडलं.

चंद्रहासरावांनी खटका, दांडे, ब्रेक, चावी असं सगळं केलं. सुरू झालं. दुसरी फेरी. बापदेव. बंद. तिसरी फेरी. बापदेव. बंद! बाकी कुठेही नाही. आंब्याखाली नाही, विहिरीजवळ नाही, फाटकाशी नाही. आठव्या फेरीला बॅटरीनेही मान टाकली. धोंडूबाई उठून उभी राहिली, बापदेवाला हात जोडले आणि म्हणाली, "राखनदार हाये. त्यो बघून घेतो."

संध्याकाळपर्यंत ही बातमी गावभर झाली.

चंद्रहासराव मात्र फाईल घेऊन बसले. बिघाड क्र. ७: 'चालू स्थितीत अचानक बंद पडते.' तक्त्यात याची पाच कारणं दिली होती. पेट्रोल, हवेची जाळी, ठिणगी, तारा. या चारही गोष्टी आलोशियसने मंगळवारभर तपासल्या. पाचवं कारण होतं, 'चालकाने आसन सोडले.' चंद्रहासरावांनी नाक मुरडलं. "आसन सोडलं म्हणे! अरे, मी बसलोय ना इथे!" आणि त्यांनी त्यापुढे ठसठशीत लिहिलं: 'लागू नाही.'

बुधवारी हरिभाऊ आले. "हा अंधश्रद्धेचा प्रकार आहे, मी विज्ञानाचा माणूस आहे," म्हणाले आणि स्वतः खुर्चीत बसले. एक लांबलचक फेरी मारली. बापदेवासमोर यंत्र फट्‌ करून बंद पडलं. हरिभाऊंचा चेहरा पांढरा झाला. त्यांनी पुन्हा एकदा केलं, प्रयोग एकदाच करून चालत नाही म्हणून. पुन्हा बंद. मग आलोशियस बसला. तो उंडीपाशी पोचला, बसल्या बसल्याच कपाळाला हात लावून क्रूस काढला, आणि फटफटत पुढे निघून गेला. चार फेऱ्या मारल्या, एकदाही थांबला नाही.

अर्थ उघड होता. देव आपल्या माणसांना अडवत होता, पाहुण्याला नाही. केळी तोडल्याचा राग, दुसरं काय!

"नारळ दे," हरिभाऊ हळू आवाजात म्हणाले. नारळ दिला. पाच दिले. गुरुवारी यंत्र बंद. शुक्रवारी कोंबडं कापायची सूचना आली. चंद्रहासराव नाही म्हणाले, पण वसुंधराबाईंकडे बघून म्हणाले. बाईंनी सुकेळी उलटली.

शनिवारी संध्याकाळी हरिभाऊंनी अंगणातूनच सांगितलं, आत आले नाहीत. "चंद्रहास, राग मानू नकोस. बापदेव अडवतोय, तिथे मी माझ्या पोरीवर अक्षता टाकणार नाही. उद्या सकाळी चंदनसारला हॉल बघायला जातोय. एक तारीख रिकामी आहे म्हणतात."

"अरे, तू विज्ञानाचा माणूस ना?"

"मी मुलीचा बाप आहे," हरिभाऊ म्हणाले आणि गेले.

त्या रात्री चुरींच्या घरी पाण्याची हाकसुद्धा आली नाही. चंद्रहासरावांना वाईट लॉनचं वाटत नव्हतं. आपण बायकोची केळी तोडली, शेजाऱ्याच्या पोरीच्या लग्नात विघ्न आणलं, देवाला दुखावलं, आणि हे सगळं एका कोष्टकाच्या भरवशावर केलं, याचं वाटत होतं. जन्मात पहिल्यांदा त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

रविवारी सकाळी ते उठले, पायजमा वर खोचला, मागच्या पडवीतून टिकाव काढला आणि विहिरीजवळच्या राजेळीच्या रांगेशी जाऊन उभे राहिले. सहा फुटांवर खुणा केल्या. पहिला खड्डा खणायला घेतला. टिकाव तीन वेळा जमिनीवर पडला आणि चौथ्यांदा स्वतःच्याच पायाशेजारी. धोंडूबाई तोंडात पदर धरून बघत होती. हसत नव्हती.

वसुंधराबाई ओट्यावरून उतरल्या, सरळ आल्या आणि टिकाव हातातून काढून घेतला.

"हरिभाऊंना हाक मारा. निघाले नसतील अजून. आणि आलूलाही बोलवा."

"कशाला? ठरलं होतं ना आपलं?"

"मारा म्हणते ना!"

हरिभाऊ बाहेर जायच्या कपड्यात आले. आलोशियस चर्चमधल्या मिस्साहून थेट आला. बाईंनी काठी यंत्राकडे रोखली.

"भाऊ, बसा यावर. बापदेवासमोरून जा. पण एक करा, नमस्कार बसून करा. बूड उचलायचं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही दोघंही बापदेव आला की वीतभर उठता. एस.टी.त उठता तसे. तुम्ही उठलात की हे बंद पडतं. आलू बसून क्रूस काढतो, म्हणून त्याचं चालतं."

आलोशियस मटकन खाली बसला आणि खुर्चीखाली हात घातला. "अरे देवा! हितं बटन हाय, वहिनी. वजन गेलं की इंजिन बंद. माणूस पडला तर पाती पायावर येऊ नयेत म्हणून." त्याने कपाळावर हात मारून घेतला. "आख्खा मंगळवार तारा तपासत बसलो मी!"

हरिभाऊ बसले. हाताने खुर्चीची कड घट्ट धरली. उंडीपाशी आल्यावर त्यांचे गुडघे ताणले गेले, पण ते दात आवळून बसून राहिले, नुसती मान लववली. यंत्र फटफटत पुढे गेलं. पलीकडून हरिभाऊ विज्ञानाच्या माणसाला न शोभेल अशा आवाजात ओरडले, "चंद्रहास, हेमांगीचं इथेच!"

चंद्रहासराव मात्र बायकोकडे बघत होते. "तुला कधी कळलं?"

"बुधवारी. दिवसभर कावळे हाकत इथेच तर बसलेली असते. तुम्ही माझ्याकडे बघत नाही, मी बघते."

"बुधवारी! मग सांगितलं का नाहीस?"

"केळी मला हवी होती," बाई सरळ म्हणाल्या. "गप्प बसले असते तर मिळालीच असती. पण तुम्ही टिकाव घेतलात, ते मला बघवलं नाही. जा आता, कापा तुमचं गवत. मुहूर्त जवळ आलाय." आणि त्या ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

चंद्रहासराव खुर्चीत बसले. खटका, दांडे, ब्रेक, चावी. यंत्र निघालं. बापदेवासमोर त्यांनी बसूनच हात जोडले, मनातल्या मनात माफी मागितली, आणि देवानेही ती बसूनच स्वीकारली असावी, कारण काही झालं नाही. आंबा गेला, विहीर गेली, फाटक गेलं. यंत्र वळून ओट्यासमोर आलं.

आणि फट्‌ करून बंद पडलं.

"आता काय झालं?" हरिभाऊ कुंपणावरून ओरडले. आलोशियस पाना घेऊन धावला. "भाऊ, हितं तर देव पण नाय!"

चंद्रहासराव दांडे धरून, खुर्चीपासून वीतभर वर, अर्धवट उभे होते. एक हात छातीला लागलेला. ते ओट्याकडे बघत होते.

"अहो, बसा ना," वसुंधराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "लोक बघतायत."

"बघू देत," चंद्रहासराव म्हणाले आणि मग बसले.

बाईंनी खाली वाकून सुकेळी उलटली. ती मघाशीच उलटलेली होती. आलोशियसने पाना खिशात घातला.

त्या दिवशी लॉन कापायला दीड तास जास्त लागला, कारण दर फेरीला यंत्र ओट्यासमोर बंद पडत होतं. संध्याकाळी चंद्रहासरावांनी फाईल काढली, सातव्या बिघाडापुढचा 'लागू नाही' खोडला, आणि खाली नवी नोंद केली. 'बिघाड क्र. ८: ओट्यासमोर बंद पडते. कारण: चालक आसन सोडतो. उपाय: करू नये.' मग फाईल मिटली, उठले, आणि स्वतःच्या हाताने पाणी ओतलं. दोन पेले.